पाणी तोडलेलं झाड

डिसेंबरातली सकाळ. मंगरूळपीर तालुक्यात, शेलूबाजारच्या परिसरातल्या एका संत्र्याच्या बगिच्यात मी उभा होतो आणि मनात आलं, हा बगिचा गेला. पानांची चकाकी उडालेली. कडा आत वळून एकेक पान लहानशा होडीसारखं झालेलं. बरीच पानं पिवळी पडून बुंध्याशी गळालेली. जमीन भेगाळलेली. आणि गंमत म्हणजे पन्नास पावलांवर विहीर! वाकून पाहिलं तर पाणी चांगलं वर आलेलं. ठिबकच्या नळ्या मात्र गुंडाळून फांद्यांना टांगलेल्या.

“काका, पाणी देत नाही का यांना?”

“तोडलं हाय पानी. महिना झाला. तहान लागू द्या लागते झाडाले. तहान लागल्याबिगर फूल येत नाई.”

तहान लागल्याशिवाय फूल येत नाही! कुंडीतल्या गुलाबाला दोन दिवस पाणी चुकलं तर हळहळणाऱ्या माणसाला हे वाक्य कसं पचावं? विहीर भरलेली असताना पाचशे झाडांना महिनाभर कोरडं ठेवायचं आणि त्यातून बहाराची वाट पाहायची, हे धाडस वऱ्हाडातला शेतकरी दरवर्षी करतो. वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर, कारंजा, मालेगाव या पट्ट्यात डिसेंबरात फिरलात तर अशी मलूल झाडं रांगेनं उभी दिसतील. ती मरत नाहीत. ती फुलायच्या तयारीत आहेत.

ही तयारी नेमकी कशी होते, हे कळत गेलं तसतसा मी थक्क होत गेलो.

आधी जगाच्या दुसऱ्या टोकाचा हिवाळा पाहू. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला संत्र्याच्या कुळातल्या झाडांचं विलक्षण वेड. पण व्हर्सायमध्ये बर्फ पडतं आणि संत्र्याच्या फळाला शून्याखाली दोन-तीन अंश म्हणजे मरण. मग १६८४ ते १६८६ या काळात राजानं या झाडांसाठी जमिनीत अर्धा दडलेला एक महाल बांधून घेतला. दक्षिणेकडे उंचच उंच खिडक्या, चार-पाच मीटर जाडीच्या भिंती. हजारावर झाडं लाकडी पेट्यांमध्ये लावलेली. ऑक्टोबरच्या मध्याला पेट्या आत जायच्या आणि मे महिन्यात बाहेर यायच्या. आजही जातात, आजही येतात! तिकडे संत्र्याचा हिवाळा म्हणजे झाडाला थंडीपासून लपवून ठेवण्याचे सात महिने.

आणि वाशीमला? इथे झाड उघड्या रानात थंडी खातं, आणि माणूस त्या थंडीत तहानेची भर घालतो. झाडाला हिवाळा पुरेसा जाणवला नाही तर काय, ही इथली काळजी. एकच कुळ, एकच ऋतू आणि दोन टोकांच्या दोन चिंता.

संत्र्याला हिवाळा हवाच कशाला, हे समजायला त्याच्या माहेरी जावं लागेल. नागपुरी संत्रा नावानं नागपूरचा आणि त्या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादकडून ही झाडं आणवली, असं सांगतात. पण कुळाचं मूळ त्याहून फार दूर आहे. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं संत्री, पपनस, महाळुंग, लिंबू अशा साठ झाडांचे जनुकीय आराखडे शेजारी ठेवून त्यांची वंशावळ जुळवली. माहेर सापडलं ते हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी: आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार, चीनचा युनान प्रांत. मेघालयातल्या गारो टेकड्यांवर, नोकरेकच्या जंगलात, आजही रानटी संत्रं सापडतं. तिथले लोक त्याला ‘मेमांग नारंग’ म्हणतात, म्हणजे भुतांचं संत्रं. त्यातला ‘नारंग’ शब्द ओळखीचा वाटतो ना? तोच शब्द इराण आणि अरबस्तानातून युरोपात गेला आणि तिकडे ‘ऑरेंज’ झाला.

त्या वंशावळीतली एक गोष्ट मी दोनदा वाचली. हे कुळ साठ ते ऐंशी लाख वर्षांपूर्वी एकाएकी फोफावलं, आशियाभर पसरलं, त्याच्या नवनव्या जाती झाल्या. का? शास्त्रज्ञांनी तो काळ हवामानाच्या इतिहासाशी ताडून पाहिला, तेव्हा दिसलं की नेमका त्याच सुमारास मोसमी पाऊस बराच मंदावला होता. पाऊस घटला आणि संत्र्याचं कुळ वाढलं! ज्या झाडाच्या खानदानाची भरभराटच कोरड पडण्याच्या काळातली, त्याला आज मंगरूळपीरच्या काळ्या रानात तहान ओळखू आली तर नवल ते काय?

आता त्या कुळाच्या माहेरचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. चार महिने धो धो पाऊस. मग आकाश निरभ्र, रात्री गार, जमीन हळूहळू कोरडी. म्हणजे थंडी आणि तहान हातात हात घालून येतात. आणि ती ओसरली की ऊब येते, पाणी येतं, नवी पालवी धरायचे दिवस येतात. त्या रानातल्या झाडानं फुलायचं कधी? अर्थात त्या गार, कोरड्या दिवसांच्या पाठोपाठ. हा हिशेब संत्र्याच्या अंगात मुरला असावा, असं मला वाटतं.

तर झाडाला थंडी कळते कशी? संत्र्याचं झाड सदाहरित. सफरचंदासारखं ते पानं झाडून गाढ झोपत नाही. पण तापमान तेरा अंशांच्या खाली गेलं की त्याची वाढ जवळजवळ थांबते. वाशीम पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर. डिसेंबरच्या रात्री इथला पारा बारा-तेरापर्यंत उतरतो आणि थंडीची लाट आली की दहाच्याही खाली जातो. म्हणजे बरोबर त्या उंबरठ्यावर! झाड गोठत नाही, पण थबकतं.

थबकतं म्हणजे काय होतं? नव्या फांद्या, नवी पानं, नवी मुळं काढणं बंद. पण दिवसा लख्ख ऊन असतं आणि जुनी पानं अन्न बनवतच असतात. घरात पगार चालू आहे, खर्च मात्र बंद, तर काय होईल? शिल्लक साठेल. झाडाच्या फांद्यांत, पानांत, मुळांत पिठूळ साखर, म्हणजे स्टार्च, साठत जातो. पुढे हजारो फुलांचा सोहळा करायचा तर त्याचा खर्च याच शिल्लकीतून निघायचा असतो.

वाशीमची थंडी मात्र बेभरवशाची. एखाद्या वर्षी डिसेंबर उबदार जातो, ढग येतात, रात्री गारठतच नाहीत. मग झाड थबकत नाही, आणि बहाराच्या वेळी फुलांऐवजी नुसती नवती फुटते: कोवळी, पोपटी, देखणी पानं. पाहणाऱ्याला आनंद, मालकाच्या पोटात गोळा. म्हणून शेतकरी दुसरा धागा हातात धरतो. थंडी त्याच्या हातात नाही, पाणी आहे. तो पाणी तोडतो. याला म्हणतात ताण देणं.

जमीन वाळू लागली की आधी मुळांना कळतं. मुळं एक रसायन तयार करतात आणि ते वर पानांकडे जातं. पानांच्या खालच्या बाजूला लाखो सूक्ष्म रंध्रं असतात. निरोप पोचला की ती मिटू लागतात. मग पान वळतं, उन्हाला कमी अंग देतं. चकाकी जाते. जुनी पानं गळतात, म्हणजे पाणी उडवणारी तोंडंच कमी होतात. त्या सकाळी मी पाहिलेला ‘गेलेला’ बगिचा हे सगळं अगदी शिस्तीत करत होता.

किती दिवस? इथे मातीचा स्वभाव आडवा येतो. मुरमाड, हलक्या रानात पाणी भराभर निथळतं आणि तीन-चार आठवड्यांत ताण बसतो. काळ्या भारी मातीचं तसं नाही. तिचे कण इतके बारीक की ती पाणी आवळून धरते, फुगते, आणि सुकताना थोडं थोडं सोडते. तिथे दीड-दोन महिनेही लागतात. एकाच शेतात टेकडीकडची झाडं जानेवारी लागताच पाणी मागतात आणि नाल्याकडची अजून हिरवीगार हसत असतात. म्हणून तारीख पाहून भागत नाही. काका सकाळी पान पाहतात आणि पुन्हा दुपारी पाहतात. दुपारी वळलेलं पान संध्याकाळी पुन्हा उघडलं तर ताण अजून कच्चा. सकाळीही वळलेलंच राहिलं, पिवळट झालं, पाव हिश्शाच्या आसपास पानं खाली आली की ओळखायचं, आता बसला. ओढत राहिलं तर फांद्या शेंड्यापासून वाळत येतात. भूक लागावी म्हणून लंघन करायचं, उपासमार होऊ द्यायची नाही, इतकी ती नाजूक रेघ आहे.

आणि आता माझ्या लेखी या गोष्टीतला सर्वांत मोठा चमत्कार. फूल येतं डोळ्यातून, फांदीवरच्या त्या इवल्याशा फुगीर ठिपक्यातून. पण ऋतू ओळखतं पान. मग पानाचा निरोप डोळ्यापर्यंत नेतो कोण?

१९३७ मध्ये मिखाईल चैलाख्यान नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञानं एक कल्पना मांडली. ऋतू कळलेल्या झाडाचं पान ऋतू न कळलेल्या झाडावर कलम केलं, तर ते दुसरं झाडही फुलतं. म्हणजे पानातून काहीतरी वाहत जात असणार. त्या अज्ञात पदार्थाला त्यानं नाव दिलं ‘फ्लोरिजेन’, फूल घडवणारं. नाव ठरलं, पण पदार्थ काही सापडेना. एक वर्ष गेलं, दहा गेली, पन्नास गेली. जगभरच्या प्रयोगशाळांनी शोधलं. सत्तर वर्षांनी, २००७ मध्ये, जर्मनी आणि जपानमधल्या गटांनी दोन वेगळ्या वनस्पतींत तो पकडला. एक इवलंसं प्रथिन निघालं ते! एफटी नावाच्या जनुकावरून ते पानात तयार होतं, अन्नरसाच्या नळ्यांतून प्रवास करतं आणि डोळ्यात शिरून सांगतं: आता फांदी नको, फूल कर.

संत्र्यातही हेच जनुक आहे. थंडी पडली की पानांत त्याचं काम वाढतं, हे जपानी संत्र्यांवर दिसलं. पुढे फ्लोरिडात मोसंबीच्या झाडांचं पाणी तोडून पाहिलं तर तहानेनंही तेच जनुक जागं झालं. थंडी आणि तहान, दोन वेगळ्या हातांनी वाजवलेली एकच घंटा! २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी याच कुळातल्या एका झाडात हे जनुक सतत जागं राहील अशी व्यवस्था केली. ज्या रोपाला फुलायला कित्येक वर्षं लागायची, ते वीतभर असतानाच, काही महिन्यांत फुललं.

आता काकांचं वाक्य पुन्हा ऐका. तहान लागल्याबिगर फूल येत नाई. प्रयोगशाळेला हे प्रथिन सापडण्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून वऱ्हाडातले, मराठवाड्यातले बागाईतदार त्या जनुकाची कळ दाबत आले आहेत, विहिरीवरून.

नुसती दाबत नाहीत, वर्षातून कोणत्या वेळी दाबायची हेही ठरवतात. जानेवारीत पाणी सोडून धरलेला तो आंबिया बहार. आंब्याला मोहोर येतो त्याच वेळी संत्रं फुलतं म्हणून हे नाव. त्याची फळं दिवाळीच्या आगेमागे हाती येतात. दुसरा मृग बहार. त्यासाठी मे महिन्यात ताण द्यायचा. त्या वेळी पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, थंडीचं नावही नाही. सगळी भिस्त एकट्या तहानेवर. मृग नक्षत्राचा पाऊस कोसळला की ताण आपोआप तुटतो आणि झाडं पांढरी होतात. ती फळं पुढच्या फेब्रुवारी-मार्चात. तिसरा हस्त बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा, तो फारसा कोणी मुद्दाम धरत नाही. म्हणजे झाड एक, आणि आंब्याच्या मोहोरावरून, नक्षत्रांवरून नावं पडलेली त्याची तीन वर्षं!

हे कसब एकट्या आपल्याकडचं, असंही नाही. भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटावर लिंबाचे बागाईतदार जून-जुलैत पाणी तोडतात, पानं कोमेजली की भरपूर पाणी आणि खत देतात. झाडं अवेळी फुलतात आणि पुढच्या उन्हाळ्यात, लिंबू दुर्मीळ असताना, हिरवी फळं मिळतात. ती लिंबं ‘व्हेर्देल्ली’ म्हणून विकली जातात. सिसिलीतला माणूस आणि मंगरूळपीरचा माणूस एकमेकांना कधी भेटले नाहीत. झाडानंच दोघांना एक युक्ती शिकवली.

मग एकाच झाडावर दोन्ही बहार का घेऊ नयेत? कारण झाडावर लटकलेलं फळ स्वतःच फुलांना अडवतं. वाढणारं फळ शेजारच्या पानांतलं तेच जनुक दाबून ठेवतं. घरात एक तान्हं असताना दुसऱ्याची तयारी नको, असाच तो कारभार. एका वर्षी झाड फळांनी वाकलं की पुढच्या वर्षी ते रुसल्यासारखं मोजकंच फुलतं, त्यामागे हेच. म्हणून बगिच्याची एक बाजू आंबियाला, दुसरी मृगाला, अशी वाटणी दिसते.

आणि या वाटणीमुळे डिसेंबरच्या त्या बगिच्यात एक दृश्य पाहायला मिळालं, जे मी विसरणार नाही. धुऱ्याच्या अलीकडे ताणावरची मलूल झाडं. पलीकडे मृगाची झाडं, पाणी चालू, फळांनी लगडलेली, आणि ती हिरवी फळं पिवळी-केशरी होऊ लागलेली. तो रंगही थंडीचाच बरं का! रात्री तेरा अंशांच्या आसपास उतरल्या की सालीतला हिरवा रंग विरत जातो आणि केशरी रंगद्रव्यं वर येतात. जिथे रात्री कधी गारठत नाहीत अशा उष्ण मुलखांत पिकलेलं, गोड संत्रंही बाहेरून हिरवंच राहतं. आंबियाची फळं बरीचशी थंडीआधीच तोडली जातात, म्हणून त्यांच्या सालीवर हिरवट झाक असते. मृगाच्या फळांना अख्खा हिवाळा मिळतो. एकच थंडी, एकाच रात्री, धुऱ्याच्या एका बाजूला फळं रंगवत होती आणि दुसऱ्या बाजूला अजून न उमललेली फुलं लिहून ठेवत होती.

थांबून राहण्याला किती किंमत असते, हे फ्लोरिडानं एकदा फार वाईट रीतीनं पाहिलं. डिसेंबर १८९४ मध्ये तिथे कडाक्याचा गारठा पडला. फळं गेली, पानं गेली, पण बरीच झाडं वाचली. मग जानेवारी उबदार गेला. झाडांना वाटलं, संपला हिवाळा. रस चढला, कोवळी फूट निघाली. आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये दुसरा गारठा आला. थबकलेलं झाड पहिल्या गारठ्यात टिकलं होतं. जागं झालेलं झाड दुसऱ्यात साली फाटून मेलं. बगिचेच्या बगिचे उजाड झाले, माणसं घरं सोडून निघून गेली.

वाशीमला बर्फाचं भय नाही, पण अवेळी जागं होण्याचं आहे. ताण ऐन भरात असताना डिसेंबरअखेर एखादी अवकाळी सर पडते, शहरातला माणूस म्हणतो काय छान हवा झाली, आणि इकडे महिनाभराचं लंघन एका रात्रीत मोडतं. अर्धवट ताण तुटलेलं झाड थोडी फुलं, पुष्कळ नवती, अशी सरमिसळ करतं. त्यावर उपाय काहीच नाही. काका एवढंच म्हणाले, “आभाळाले कोन सांगावं, भाऊ?”

मी जानेवारीच्या मध्याला पुन्हा गेलो. नळ्या फांद्यांवरून उतरल्या होत्या. आळी वखरून, शेणखत देऊन तयार. पहिलं पाणी हलकं द्यायचं, एकदम भरून टाकायचं नाही. दीड महिना रित्या पोटी असलेल्याला आपण आधी पेजच देतो ना, तसंच. संध्याकाळी मोटार सुरू झाली. भेगांतून पाणी शिरताना बारीक सूं सूं असा आवाज येत होता, जमीन श्वास सोडत असल्यासारखा. कोरड्या काळ्या मातीला पाणी लागल्यावर येतो तो वास उठला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पानं उघडली होती. होडीची पुन्हा ताटली झाली होती.

आठ-दहा दिवसांनी काकांनी मला फांदीचं टोक हातात धरून दाखवलं. पानाच्या बेचक्यात टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी फुटत होतं. फूल की नवती? चष्मा पुसून मी जवळ गेलो. इतक्या लहान आकाराला माझे डोळे पुरेनात. त्यांचे पुरले. “गोल हाय,” ते म्हणाले. “टोकदार असतं तं पान निघालं असतं. गोल म्हंजे कळी.”

मोठ्या झाडावर अशा कळ्या हजारोंनी येतात, कधी लाखाच्या घरात. त्यांतली शंभरातली एखाद-दुसरी फळ होऊन शेवटपर्यंत टिकते. बाकीच्या पांढऱ्या सड्यासारख्या खाली पडतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या बगिच्यात शिरायच्या आधीच, रस्त्यावरून, वास आला. आत पाऊल टाकलं तर सगळं झाड गुणगुणत होतं, इतक्या मधमाश्या. काका विहिरीच्या काठावर बसले होते. पलीकडच्या बाजूला मृगाची फळं तोडणं सुरू होतं आणि केशरी क्रेट धुऱ्यावर रांगेनं भरून ठेवलेले होते, या फुलांच्या अगदी शेजारी.